पुढची पट्टी

रबाळ्यात, वजनकाट्याच्या वर, पत्र्याच्या खोलीत माझं दुकान.
खाली भरलेला ट्रक चढला
की फळीवरची आयलेटांची डबी चालू लागते.
कोपरखैरण्यात बरी जागा मिळत होती,
पण सेक्रेटरीनं धुतल्यासारखे हात चोळले:
कातड्याचं काम म्हणता… वास?
वास आहेच.
बाभळीच्या सालीचा, मेणदोऱ्याचा, आणि भाऊंचा.

भाऊ कमरेचे पट्टे शिवायचे, मणका सरकलेल्यांचे.
कुठल्याच माणसाच्या अंगाचा नसलेला तो गुलाबी रंग,
आत पोलादाच्या चार पट्ट्या,
वरून साडी नाहीतर सदरा.
झाकलं की झालं.
त्यांची रापी अजून माझ्याकडे आहे.
मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा,
माझा अंगठा त्यात थोडा हरवतो.

मीही तेच शिवते. फक्त झाकायला नाही.
रद्दीत मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकात
अडीचशे वर्षांपूर्वीच्या बायका उभ्या होत्या,
देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्या कापडात शिवून घेऊन.
मी त्यांचे चेहरे पाहिले नाहीत,
पाठी पाहिल्या.
मागच्या शिवणी तिरक्या,
काखेकडून कमरेकडे उतरत गेलेल्या,
म्हणजे खांदे आपोआप मागे जातात.
कुण्या शिंप्याला हे सुचलं असेल.
राणीचं नाव चित्राखाली होतं.

घणसोलीच्या चांगुणाबाई घरत आल्या,
वय चौसष्ट, वीस वर्षं पट्टा.
सोडून टेबलावर ठेवला,
बक्कल गंजलेलं, टाके भाऊंचे. मी लगेच ओळखले.
"ह्यो माझ्या आतच म्हातारा झाला," म्हणाल्या.
"आता मना वरून घालायचाय.
लाल.
बघू दे लोकांना, कशानं उभी हाय ती."

मापं घेतली: श्वास भरून, श्वास सोडून,
बसून, वाकून,
आणि डब्यातली भाकरी संपवल्यावर पुन्हा एकदा.
आधी मांजरपाटाचा नमुना. तीनदा उसवला.
कापडावरची चूक उसवता येते,
कातड्याला एकदा आरी लागली की भोक ते भोकच.
म्हणून मी दोन दिवस
नुसती कागदाशी भांडत बसते.

बोलता बोलता सांगितलं,
की त्या काळी छातीच्या मधोमध
एक लाकडी पट्टी सरकवत,
प्रियकर तिच्यावर अक्षरं कोरून देत.
बाई हसल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी पिशवीतून फूटपट्टी काढली,
सागवानी, कडेला शाई मुरलेली.
शहर अजून कागदावर होतं
तेव्हा त्या ऑफिसात नकाशे गिरवायच्या.
"आमच्या खाजणावरनं रस्ता गेला ना गो,
त्यो मीच आखला. हिच्यानंच.
साहेब बोलला, रेघ काय सरळ आलीय."

विचारलं, आकडे बाहेर की आत?
"आत."

दोरी आवळताना पाठीत दोन इंच फट ठेवली.
"अजून ओढ."
नको, म्हटलं, कातडं अजून तुम्हाला ओळखत नाही.
महिन्याभरात ते सैलावेल,
तेव्हा ही फट कामाला येईल.
आरशात त्यांनी समोरून पाहिलंच नाही,
मान वळवून पाठ पाहिली, बराच वेळ.

मग हिरव्या नऊवारीवर लाल कातडं, तशाच जिना उतरल्या,
आणि थेट काट्यावर,
दोन ट्रकच्या मधे.
काट्यावरचा दिलावर ओरडला,
"मावशी, हा दहा-दहा किलोनंच मोजतो!"
"मोज."

सत्तर.

"लुगडं, कातडं, पोलाद," त्या बोटं मोडत होत्या,
"न् एक फूट सागवान."
मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना.
बाई पावती मागत होत्या.